चाळीस गुणांची भिंत

मंगळवार, ७ फेब्रुवारी. सकाळी ९.

वादळाला आज तीन दिवस झाले. वीज काल आली. आता शांतपणे आढावा.

बाबांच्या खोलीवरचे अकराच्या अकरा पत्रे उडाले. दोन सापडले: एक शाळेच्या मैदानात, एक शेजाऱ्यांच्या पेरूवर. शेजारी म्हणाले, पत्रा न्या, पण फांदी मोडली तिचं काय? म्हटलं, वाऱ्याला विचारा. आता ते बोलत नाहीत.

दोन दिवस त्या उघड्या खोलीत पाऊस पडत होता. काल मी स्वतः ताडपत्री बांधली. फडफडते, पण आहे.

बाबा (वय ८१) ताईकडे. ताईचं घर लहान. त्यांची खाट पॅसेजमध्ये, बाथरूमच्या दारासमोर लावली आहे. ज्याला जायचं तो त्यांच्या पायावरून जातो. रेडिओ हळू लावावा लागतो. मी त्यांना शब्द दिला, महिन्याभरात तुम्ही तुमच्या खोलीत. म्हणजे १० मार्च.

बाबा म्हणाले, आधी खिडकीकडची भिंत बघ, ती बरीच वर्षं कुरकुरते आहे. मी हो म्हणालो. ती भिंत गेल्या वर्षी मी स्वतःच्या हाताने रंगवली आहे. दोन हात वॉटरप्रूफ. घरात त्या भिंतीइतकं धडधाकट दुसरं काही नाही, माझ्यासकट. पण वय झालं की माणसाला भिंतीही कुरकुरताना ऐकू येतात.

संकल्प: फसायचं नाही. सध्या गावभर ठेकेदार सुटले आहेत. लोक घाबरून वाटेल त्याला काम देताहेत. मी सव्वीस वर्षं भरती विभागात काढली. माणूस खुर्चीवर कसा बसतो यावरून तो कसा निघणार हे मी सांगू शकतो.

बुधवार, ८ फेब्रुवारी.

रस्त्यातल्या प्रत्येक घरावर एकेक माणूस ठोकतो आहे. आमच्या घरावर फक्त ताडपत्री.

बायको म्हणाली, अहो, मिळेल त्याला धरा, अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी म्हणालो, धरू, पण आधी गाढवाची मुलाखत घेऊ. ती हसली नाही. तिला ताण आला आहे.

ताडपत्रीची गाठ तीनदा सुटली. तीनदा वर गेलो.

गुरुवार, ९ फेब्रुवारी. दुपारी ४.

गुणपत्रिका तयार. एकूण गुण १००. वेळ पाळणे १०. पोशाख ५. हस्ताक्षर १०. बसण्याची पद्धत १०. कामाचे ज्ञान १५. नम्रता १०. आणि प्रामाणिकपणा ४०.

प्रामाणिकपणा मोजायचा कसा, यात जग अडतं. मी अडलो नाही. युक्ती अशी: उमेदवाराला खिडकीकडच्या भिंतीसमोर उभं करायचं आणि चेहरा पाडून म्हणायचं, ही भिंतसुद्धा गेली हो वादळात. भिंत ठणठणीत आहे हे मला ठाऊक. जो म्हणेल, हो साहेब, पाडावी लागेल, तो काम वाढवणारा. शून्य. जो म्हणेल, छे, भिंत उत्तम आहे, तो सज्जन. चाळीस.

इतकी साधी गोष्ट आजवर कुणाला सुचली नाही याचं नवल वाटतं. तीस झेरॉक्स काढल्या.

बायकोने विचारलं, आणि भिंत खरंच गेली असेल तर? मी तिला रंगाच्या डब्यावरची गॅरंटी दाखवली. सात वर्षं.

शुक्रवार, १० फेब्रुवारी.

उमेदवार क्रमांक १. गवंडी मिस्त्री, पन्नाशीचा. वेळ दहाची दिली होती, उगवला अकरा चाळीसला. कारण काय, तर वाटेत कुणाचा तरी लोंबकळता पत्रा उतरवून ठेवत होतो, खाली पोरं खेळत होती. असं कारण मला पाठ आहे. भरतीत सगळ्यांना वाटेत म्हातारी भेटायची.

खुर्चीवर बसला नाही. पायाला सिमेंट होतं. फॉर्म पुढे केला तर म्हणाला, साहेब, आधी काम बघतो. वर चढला, उतरला.

मग त्याला भिंतीसमोर उभं केलं आणि चेहरा पाडून माझं वाक्य म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. थापीच्या दांड्याने भिंत तीन ठिकाणी वाजवली. भिंतीला कान लावला. मग नखाने माझा रंग खरवडला. न विचारता. म्हणाला, भिंत गेली. पाणी वरून आत उतरलंय. विटांमधली माती वाहून गेलीय. रंगाने बाहेरून दाबून धरलीय एवढंच. बद्द वाजते, ऐका. आधी भिंत उतरवायची, मग छप्पर. वर कसलंही वजन टाकू नका.

मग विचारलं, या खोलीत कोण झोपतं? मी म्हणालो, वडील. म्हणाला, त्यांना झोपवू नका.

भीती घालण्याचं जुनंच तंत्र. वर हातातली कामं संपेपर्यंत पाच आठवडे येता येणार नाही म्हणाला. म्हणजे काम नको, नुसतं घाबरवायला आला होता.

प्रामाणिकपणा ०. एकूण ११. त्यातले पाच त्याच्या शर्टाला सगळी बटणं होती म्हणून. मी मन मोठं ठेवतो.

जाताना फाटकापाशी बायको त्याच्याशी बराच वेळ बोलत होती. नंतर तिला मी माणसं ओळखण्याबद्दल थोडं समजावलं. ती भांडी घासत होती.

सोमवार, १३ फेब्रुवारी.

क्रमांक २: भिंत बघितलीच नाही. म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं. शून्य. क्रमांक ३: म्हणाला, ही भिंत गेली, ती पण गेली, स्वयंपाकघर पण जाणार, पेरूचं झाड पण काढून टाका. मी म्हटलं, पेरू शेजाऱ्यांचा आहे. म्हणाला, त्यांच्याशीही बोलतो. शून्य.

परीक्षा चोख चालते आहे.

बायकोने आज बाबांची ट्रंक, पुस्तकं आणि आईचा फोटो हॉलमध्ये आणून ठेवला. म्हटलं, का? म्हणाली, धूळ बसते.

मंगळवार, १४ फेब्रुवारी.

सलूनमध्ये गेलो. फार दिवसांनी कुणीतरी नीट ऐकून घेणारं भेटलं. सलूनवाल्याला माझी परीक्षा समजावून सांगितली. त्याने कात्री थांबवली आणि विचारलं, नेमकी कोणती भिंत? म्हटलं, खिडकीकडची. म्हणाला, आणि काय म्हटलं की चाळीस? सांगितलं. त्याने दोनदा म्हणून बघितलं. बाकावर बसलेल्या तिघाचौघांनीही माना हलवल्या. रसिक माणसं. गावात डोक्याची कदर उरली आहे अजून.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी.

आश्चर्य. क्रमांक ४, ५ आणि ६: तिघांनाही चाळीस.

क्रमांक ४ ने भिंतीवर हात ठेवून डोळे मिटले आणि म्हणाला, अशी भिंत आता होणे नाही. क्रमांक ५ फाटकातूनच ओरडला की भिंत एक नंबर आहे. मी अजून चेहरा पाडला नव्हता. क्रमांक ६ ने चुकून कंपाउंडच्या भिंतीला नावाजलं, पण भावना खरी होती.

संकटाने माणूस शुद्ध होतो म्हणतात ते उगाच नाही. आठ दिवसांपूर्वी याच गावात सगळे लबाड होते.

ताडपत्री सुटली. चारदा वर गेलो. बायको म्हणाली, तुम्ही दोन मिनिटं एका जागी बसत का नाही? बसून काय होणार? बसलो की फडफड ऐकू येते.

रविवार, १९ फेब्रुवारी.

ताईकडे जाऊन आलो. बाबा पॅसेजमध्ये खाटेवर, पाय पोटाशी घेऊन. कुणाला अडचण नको म्हणून. रेडिओ कानाला लावलेला. मी गेल्याबरोबर म्हणाले, भिंत बघितलीस? मी त्यांना आकडेवारी सांगितली: कालचे दोघे धरून आठ तज्ज्ञांपैकी पाच जण भिंत उत्तम म्हणतात. बाबा म्हणाले, आणि उरलेले? मी म्हणालो, ते नापास.

बाबांनी रेडिओ खाली ठेवला. मग म्हणाले, माझा टॉर्च पाठव. इथे रात्री उठलो की कुणाच्या तरी अंगावर पाय पडतो.

मला वाईट वाटलं. परत येताना ठरवलं, १० मार्च म्हणजे १० मार्च.

मंगळवार, २१ फेब्रुवारी. दुपारी १.

माणूस सापडला.

क्रमांक ११. इस्त्रीचा शर्ट. दहाला पाच कमी असताना फाटकात. बस म्हटल्यावर बसला, पाठ ताठ. प्लास्टिकची फाइल, तिच्यात आधी आणि नंतरचे फोटो, पानावर पान. फॉर्म सुवाच्य भरला. प्रत्येक वाक्यात सर. भिंतीपुढे उभा राहिला, मी चेहरा पाडला, आणि तो म्हणाला, सर, माफ करा, तुमच्या शब्दाबाहेर जातोय, पण भिंत अप्रतिम आहे. रंग कुणी दिलाय?

मी म्हणालो, मीच. तो म्हणाला, वाटलंच, सर.

एकूण ९६. चार तत्त्व म्हणून कापले. यापुढे याचा उल्लेख फाइलवाले असा.

बुधवार, २२ फेब्रुवारी.

नेमणूकपत्र दिलं. अकरा कलमं, मसुदा माझाच. कलम ७ वर मी खूश आहे: सदर खिडकीकडील भिंत उत्तम स्थितीत असल्याची मालकाने स्वतः खात्री केली असून, ठेकेदाराने तिच्याबाबत कोणतेही काम अथवा तक्रार काढू नये. आता याला काम वाढवायला वावच नाही. फाइलवाल्यांनी ते कलम दोनदा वाचलं आणि म्हणाले, सर, यावर तुमची सही जरा ठळक हवी.

कामावर रुजू होण्याची तारीख: उद्या.

गुरुवार, २३ फेब्रुवारी.

आले नाहीत. फोनवर म्हणाले, रस्त्यात आहे.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी.

रस्त्यातच आहेत.

सोमवार, २७ फेब्रुवारी.

दोन माणसं आली. शिडी ठेवून गेली. चांगली शिडी आहे.

मंगळवार, २८ फेब्रुवारी.

फाइलवाल्यांना मेमो दिला, विषय: अनुपस्थिती. तो माणसांच्या हाती पाठवला. दुपारी बघितलं तर माणसांनी मेमोवर मिरच्या आणि मीठ काढून घेतलं होतं. पण माणसं आली होती, हे मेमोचं यश.

बायको म्हणाली, परवानगी असेल तर एक बोलू? म्हटलं, बोल. म्हणाली, काही नाही.

गुरुवार, २ मार्च.

काम धडाक्यात. लोखंडी अँगल चढले. ठोकाठोक सुरू झाल्यापासून मला बरं वाटतं आहे. दिवसभर खाली उभा राहून सूचना दिल्या. फाइलवाले प्रत्येक सूचनेला वा सर म्हणतात. त्यांची माणसं काही म्हणत नाहीत, वेगळंच करतात.

शनिवार, ४ मार्च.

फाइलवाल्यांनी एक कल्पना मांडली. पाण्याची टाकी सध्या मागे, लांब. बाबांच्या बाथरूमला धार बारीक येते. ते म्हणाले, सर, तुमची भिंत इतकी दणकट आहे, तर टाकी तिच्यावरच ठेवू. पाचशे लिटरची. वरून थेट धार.

मला ही सुचायला हवी होती. म्हणजे सुचली होती, बोललो नव्हतो.

बायको पहिल्यांदाच स्पष्ट बोलली. म्हणाली, तो मिस्त्री वर वजन टाकू नका म्हणाला होता. मी म्हणालो, अकरा गुणांचा उमेदवार. ती म्हणाली, अहो, गुण तुम्ही दिलेत, भिंतीने नाही. मग आत गेली आणि दार लावून घेतलं. जोरात नाही. जोरात लावलं असतं तर उत्तर देता आलं असतं.

बुधवार, ८ मार्च. सायंकाळी ६.

काम पूर्ण. मुदतीच्या दोन दिवस आधी.

नवे पत्रे, हिरवे. टाकी काळी. भिंतीला पुन्हा एक हात रंग दिला, मीच. मिस्त्रीने नखाने खरवडलेला ओरखडा भरून काढला. आता तिथे काही झालं होतं असं कुणी म्हणणार नाही. फाइलवाल्यांनी मला भिंतीला टेकवून फोटो काढला, त्यांच्या फाइलसाठी. म्हणाले, सर, यापुढे पहिल्या पानावर तुम्ही.

ताडपत्री घडी करून ठेवली. घर एकदम गप्प झालं आहे. तरी मला सारखं उठून बघावंसं वाटतं. सवय.

बाबांना फोन केला. म्हणालो, परवा न्यायला येतो. बाबा म्हणाले, भिंत? मी म्हणालो, फर्स्ट क्लास. मग म्हणाले, तू बघितली आहेस ना नीट, मग येतो.

गुरुवार, ९ मार्च.

टाकी भरली. बाथरूमची धार अशी की बादली हातातून सुटली.

बाबांच्या खोलीची खिडकी लागत नाही. लाकूड फुगलं असणार. दारही अडतं. तेही फुगलं असणार. खिडकीच्या कोपऱ्यातून वर एक बारीक रेघ गेली आहे. फाइलवाल्यांना फोन केला. म्हणाले, सर, केसाएवढी असेल तर रंगाची. पेन्सिल जात असेल तर सांगा. केस घालून बघितला. गेला. म्हणजे रंगाची.

बाबांची खाट खिडकीशी लावली, भिंतीला लागून, नेहमीच्या जागी. नवी चादर घातली.

बायको म्हणाली, त्यांना आत्ता आणू नका. सतरा तारखेपर्यंत तरी थांबा. म्हटलं, सतरालाच काय आहे? म्हणाली, थांबा फक्त. मी म्हणालो, मी वडिलांना शब्द दिला आहे. ती म्हणाली, त्यांनीही तुम्हाला एक गोष्ट सांगितली होती.

मी विषय वाढवला नाही. माझ्याकडे उत्तर होतं, पण वाढवला नाही.

शुक्रवार, १० मार्च. दुपारी ३.

क्रमाने लिहितो.

साडेनऊला रिक्षा घेऊन ताईकडे गेलो. बाबा सातपासून तयार होते. पिशवी भरलेली, रेडिओ पिशवीत, पिशवी मांडीवर. ताईने सांगितलं, रात्रभर उठून वेळ बघत होते.

वाटेत बाबा म्हणाले, आधी दाढी करून घेऊ. ताईकडे आरशासमोर नंबर लागत नाही, आणि आपल्या खोलीत जायचं तर नीट जाऊ. मला घाई होती. मी म्हणालो, घरी करा. बाबा म्हणाले, नाही. मला आठवतंय, मी त्या नाहीला वैतागलो होतो.

सलूनवाल्याने बाबांच्या गालाला साबण लावला आणि मला विचारलं, काय साहेब, लागला का निकाल? मग बाबांना कौतुकाने सांगू लागला, तुमच्या चिरंजीवांची परीक्षा आमच्या दुकानात सगळ्यांना तोंडपाठ आहे. गावातला प्रत्येक ठेकेदार तुमच्याकडे जायच्या आधी इथे यायचा, भिंतीला काय म्हणायचं ते विचारून जायचा. मी कुणाला अडवलं नाही. आपल्या गिऱ्हाइकाचं काम व्हावं, एवढाच हेतू.

एक मिस्त्री तेवढा आधीच जाऊन आला होता, म्हणाला. त्याला सांगायचं राहिलं. बिचारा.

बाबांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. अर्ध्या तोंडाला साबण.

घरी पोचलो तेव्हा फाटकात शेजारी उभे होते. ते माझ्याशी बोलत नाहीत, पण बोलले. म्हणाले, तुमच्या घरातले सगळे बाहेर आहेत ना?

अकरा वीसला भिंत पडली. वारा नव्हता. पाऊस नव्हता. दोरीवरचे कपडेसुद्धा हलत नव्हते, ते वाळत घालत बायको अंगणात होती म्हणून वाचली. भिंत आत पडली. अँगल, पत्रे, टाकी, सगळं घेऊन. खाटेवर. नवी चादर एका कोपऱ्यातून दिसत होती.

दाढी नसती तर आम्ही पावणेअकराला घरी आलो असतो. प्रवासाने थकले की बाबा आधी आडवे होतात.

बायको जवळ आली. माझा दंड धरून उभी राहिली. तिचा हात ओला होता. बाबांनी खोलीच्या दारातून आत बघितलं, पिशवीतला रेडिओ चाचपून बघितला, आणि स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसले. म्हणाले, चहा टाका.

भिंतीबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं. अक्षर वाईट आलं आहे.

रविवार, १२ मार्च.

शांतपणे विचार केला. परीक्षा मुळात बरोबर होती. प्रश्नपत्रिका फुटली. हा माझा दोष म्हणता येणार नाही.

फाइलवाल्यांना गाठलं. त्यांनी फाइल उघडली आणि कलम ७ दाखवलं. म्हणाले, सर, मी तर एका वाक्याचीही तक्रार काढू शकत नव्हतो. सही बघा. सही ठळक होती.

त्यांच्या पहिल्या पानावर अजून मीच आहे, भिंतीला टेकून.

बाबा हॉलमध्ये झोपतात. आम्ही स्वयंपाकघरात. विटांचा ढीग खिडकीतून दिसतो. विटांमधून बोट घातलं तर नुसती ओली माती. पन्नास वर्षांपूर्वी तसंच बांधायचे, बाबा म्हणाले. हे त्यांनी मला ७ फेब्रुवारीलाही सांगितलं असतं. मी विचारलं नव्हतं.

शुक्रवार, १७ मार्च. सकाळी ८.

फाटकात उमेदवार क्रमांक १.

मी म्हणालो, तुम्हाला कुणी बोलावलं? तो म्हणाला, वहिनींनी. दहा फेब्रुवारीला, याच फाटकात. पाच आठवड्यांनी येतो म्हणालो होतो, आलो.

मोजले. पाच आठवडे, शुक्रवार ते शुक्रवार. वेळ पाळणे: दहापैकी दहा द्यावे लागतील. गुणपत्रिका शोधली, सापडली नाही. बायको म्हणाली, तुमच्या झेरॉक्सच्या कागदांवर विटांची माती वाळत घातली आहे, कुंड्यांसाठी.

मिस्त्रीने ढीग बघितला. मी तुम्हाला सांगितलं होतं, असं तो म्हणेल म्हणून मी तीन उत्तरं तयार ठेवली होती. तो म्हणाला, विटा चांगल्या आहेत, निम्म्या पुन्हा वापरू. आजोबा कुठे आहेत? हॉलमध्ये, म्हटल्यावर मान हलवली आणि कामाला लागला.

एक अट घातली. बोलायचं ते वहिनींशी. साहेबांनी फक्त पाणी मारायचं.

शनिवार, २५ मार्च.

भिंत उभी राहिली. मिस्त्रीने रोज ओळंबा सोडून बघितला. बाबा समोर खुर्ची टाकून बसतात आणि रेडिओ पूर्ण आवाजात लावतात. मिस्त्री आणि बाबा तासन्‌तास बोलतात. विषय: वीट.

आजपासून मला काम. नव्या भिंतीवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, चौदा दिवस. पाणी कमी पडलं तर सिमेंट तडकतं, मिस्त्री म्हणाला. जबाबदारीचं काम आहे. वेळापत्रक तयार केलं. नकाशा काढला.

बुधवार, २९ मार्च.

सकाळी ७: पाणी मारलं. सायं. ५: पाणी मारलं.

लक्षात आलं की मिस्त्री भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात कोळशाने रेघा ओढतो. मी विचारलं नाही, पण मला कळतं. भिंतीवर हात ठेवून बघतो, मग रेघ. आजवर चार. म्हणजे माझी नोंद ठेवतो आहे. हा माणूस शिकलेला नसेल, पण मूल्यमापन कशाला म्हणतात ते त्याला कळतं.

सोमवार, ३ एप्रिल.

काल संध्याकाळी पाणी मारायचं राहिलं. कारण होतं, लिहीत नाही. आज घाबरत बघितलं. रेघ वाढलेली. चूक पोटात घातली म्हणायची. मोठ्या मनाचा माणूस.

शुक्रवार, ७ एप्रिल.

चौदा दिवस झाले. रेघा अकरा. मी बाबांना सांगितलं, चौदापैकी अकरा, म्हणजे फर्स्ट क्लास. बाबांनी मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्री म्हणाला, साहेब, त्या सिमेंटच्या गोण्या.

मग म्हणाला, पाणी वहिनीही मारायच्या, तुमच्या नंतर. वरचा भाग कोरडा राहायचा.

शुक्रवार, १४ एप्रिल. सायंकाळी ५.

छप्पर चढलं. टाकी मागे, जुन्या जागी. बाथरूमची धार बारीक.

मिस्त्री हत्यारं आवरून गेला. जाताना बाबांच्या पाया पडला. मला म्हणाला, साहेब, वर्षभर रंग देऊ नका, भिंतीला श्वास घेऊ द्या.

खोली रिकामी होती. नुसता नव्या सिमेंटचा वास. बाबा काठी टेकत आत आले आणि खिडकीकडच्या भिंतीपाशी थांबले. मी म्हणालो, बाबा, भिंत फर्स्ट... आणि थांबलो. ते म्हणाले, वाजव. बोटाने वाजवली, तीन ठिकाणी. म्हणाले, कान लाव.

लावला. भिंत गार होती. बराच वेळ तसाच उभा राहिलो. फडफड नाही, कुरकुर नाही. दोन महिन्यांत पहिल्यांदाच मला कुठे जावंसं वाटलं नाही. बाबांना सांगितलं, काही ऐकू येत नाही.

बाबा म्हणाले, नक्की?

मी पुन्हा कान लावला. पुन्हा वाजवली. म्हणालो, नक्की.

बाबांनी मान हलवली. म्हणाले, मग खाट आण.

मी खाट आणली. विचारलं, खिडकीशी लावू ना, नेहमीसारखी? बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, मिस्त्रीवर माझा विश्वास आहे. पण कान तुझा आहे. समोरच्या भिंतीला लाव.

लावली.